साक्षीदाराचं वजन

लाकूड वाळलं की लग्न करू, असं बाईंनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. एकसष्टाव्या वर्षी आपल्याला कोणी असं काही सांगितलं, तर शहाण्या माणसाने लाकडाकडे बघत गप्प बसावं. मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

बाई म्हणजे शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या बाई. वय सत्तावन्न, तळहाताला घट्टे, कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल बाई पगाराच्या दिवशी काढतात की तेव्हाही नाही, याबद्दल शाळेत दोन मतं आहेत. मी वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक. पस्तीस वर्षं दुकानं पालथी घातली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण पाहिलं, आतून पोकरलेली वजनं पाहिली, काट्याच्या एका बाजूला हळूच करंगळी टेकवणारे सद्गृहस्थही पाहिले. काटा बरोबर निघाला की मी कागदावर लिहायचो, "तपासले. बरोबर आहे." एवढं लिहून सही ठोकली की मला जेवण गोड लागायचं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना शाळेतले काटे तपासायला गेलो, तेव्हा सुतारशाळेतला काटा तीन ग्रॅमने चुकत होता. बाई म्हणाल्या, चुकत नाही. तीन ग्रॅमवरून आम्ही पाऊण तास भांडलो. शेवटी मीच बरोबर ठरलो, पण फाटकाबाहेर पडताना लक्षात आलं की मला अजून भांडायचंय. पुढच्या दीड वर्षात मी त्या शाळेचे काटे इतक्या वेळा तपासले, की मुख्याध्यापकांना आपल्याविरुद्ध काहीतरी तक्रार गेलीय असं वाटायला लागलं.

तर लग्न. बाई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. तिथे हातोडी उचलली की खालचे लोक छताला काठी मारतात. माझं घर तळमजल्याचं, बायको गेल्यापासून मागची खोली नुसती पडून. बाईंनी ती खोली पाहिली, खिडकी उघडली, जमिनीवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाल्या, "साहेब, मला दुसरं काही नको. इथे माझं सुतारकामाचं टेबल पाहिजे. जड, रंधा मारताना तसूभर हलणार नाही असं. ते आपण इथेच करू. टेबल झालं की नोंदणी कार्यालयात जाऊ."

माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. त्या भरात मी टेप काढली आणि दार मोजलं. "दोन फूट सहा इंच," मी म्हणालो. "टेबल दोन फूट चार इंच रुंद करा. म्हणजे उद्या कधी तुम्हाला परत जावंसं वाटलं, तर सहज बाहेर काढता येईल."

मला वाटलं, आपण किती उदार. बाईंनी दाराचा आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला.

लाकूड तयारच होतं. शाळेमागचं अक्रोडाचं झाड वादळात पडलं, तेव्हा बाईंनी ते वखारीतून जाड फळ्यांत चिरून आणलं होतं आणि दोन वर्षं शाळेच्या पडवीत रचून ठेवलं होतं. पण पडवीतलं लाकूड म्हणजे अर्धं वाळलेलं. घरात आणलं की ते आणखी आटतं, आणि आटायच्या आधी टेबल केलं तर वर्षभरात त्याचा पापड होतो. म्हणून फळ्या मागच्या खोलीत रचायच्या, दोन थरांच्या मध्ये आडव्या पट्ट्या ठेवायच्या म्हणजे हवा खेळते, टोकांना मेण फासायचं म्हणजे तिथून घाईने पाणी उडत नाही, आणि मग थांबायचं.

"किती थांबायचं?" मी विचारलं.

"लाकूड सांगेल तेवढं."

त्यासाठी बाईंनी एका फळीतून वीतभर ठोकळा कापला, त्याच्या टोकांनाही मेण लावलं आणि फळ्यांच्या मधोमध सारून ठेवला. याचं नाव साक्षीदार. रोज दुपारी चारला त्याला बाहेर काढायचं, काट्यावर ठेवायचं आणि वजन दाराच्या मागच्या कागदावर लिहायचं. आतलं पाणी जातंय तोवर वजन उतरत राहणार. सलग सात दिवस आकडा हलला नाही, की लाकूड वाळलं.

पस्तीस वर्षं मी जगाची वजनं केली, पण माझं लग्न काट्यावर चढेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी साक्षीदार चारशे शहाऐंशी ग्रॅम भरला. दुसऱ्या दिवशी चारशे पंच्याऐंशी. तिसऱ्या दिवशी पुन्हा चारशे पंच्याऐंशी. बाई म्हणाल्या, "छान चाललंय." मी रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ घातलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी साक्षीदार काढला आणि फ्रिजच्या मागे ठेवला.

फ्रिजच्या मागे ऊबदार हवा असते. मी त्याला काही केलं नाही, फक्त जरा बऱ्या जागी बसवलं, असं स्वतःला सांगितलं. दुकानदार मला हेच सांगायचे. दुपारी बारा वाजता हळूच वजन केलं तर चारशे ऐंशी. माझे पाय जमिनीवर ठरेनात. पावणेचारला ठोकळा गुपचूप फळ्यांत परत. चारला बाई आल्या, बूट काढले, म्हणाल्या, "आधी चहा होऊ दे साहेब, मग साक्षीदार." मी नाचतच चहा केला. वजन केलं. चारशे सत्त्याऐंशी.

पहिल्या दिवसापेक्षा एक ग्रॅम जास्त. मी काट्याकडे बघतच राहिलो.

"हवेत ओल आहे," बाई म्हणाल्या.

"हो ना, जाणवते खरी," मी म्हणालो. बाहेर रखरखीत ऊन होतं.

आता मला सांगा, मी कोणाला विचारणार? बारा वाजता चारशे ऐंशी होतं हे सांगायचं, तर बारा वाजता ठोकळा कुठे होता हेही सांगावं लागलं असतं. बाई गेल्यावर कपाटातून माझी जुनी पितळी वजनं काढली आणि काटा तपासला. काटा बरोबर होता. मग चष्मा तपासला. चष्माही बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी ठोकळा फ्रिजमागे न ठेवता गरम पाण्याच्या टाकीवर ठेवला. बाराला चारशे चौऱ्याहत्तर, चारला चारशे अठ्ठ्याऐंशी. त्यानंतरच्या दिवशी टाकीवर ठेवून वर टॉवेल पांघरला. बाराला चारशे सदुसष्ट, चारला चारशे नव्वद. कागदावरचे आकडे पाहिले असते, तर हे लाकूड अजून जमिनीत उभं आहे आणि त्याला रोज पाणी मिळतंय असं कोणालाही वाटलं असतं.

माझी धाकटी बहीण दोन घरं सोडून राहते आणि आमच्या घरात तिचा दिवसातून तीनदा फेरा असतो. तिने दारामागचा कागद वाचला. "दादा, ओल कसली? माझी चादर तासाभरात कडक होते."

"लाकडाचं वेगळं असतं," मी म्हणालो.

"आणि गरम पाण्याच्या टाकीवर टॉवेलात काय झोपवलंयस?"

मी विषय बदलला. ती माझी बहीण असल्यामुळे तो बदलला नाही, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला.

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. बाई आल्या, नेहमीसारख्या म्हणाल्या, "आधी चहा." स्वयंपाकघरात गेलो तर दूध नासलेलं. बिनदुधाचा चालेल का, हे विचारायला मी मागे वळलो आणि मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

बाई फळ्यांसमोर उकिडव्या बसल्या होत्या. पर्समधून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली होती, पिशवीतून ओला रुमाल. त्या साक्षीदाराला चारी बाजूंनी पुसत होत्या, तापलेल्या पोराचं कपाळ पुसावं तसं. आणि त्याला हळू आवाजात सांगत होत्या, "जरा धीर धर की रे."

मीही रोज सकाळी त्याच्याशी बोलायचो. मी म्हणायचो, "आटप लवकर."

हसू आलं नाही, हे आधी सांगतो. ते नंतर आलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की या बाईला माझ्या घरी यायचं नाही आणि तोंडावर सांगण्याऐवजी ती रोज पिशवीत ओला रुमाल घेऊन येते.

"बाई," मी म्हणालो, "नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं. मी समजून घेतलं असतं."

त्या दचकल्या नाहीत. ठोकळा उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला. "साहेब, ही चीर बघा. आणि ही. मेणाखालून फुटलाय. मेण कुठे गेलं? वितळलं. फळ्यांना एक तरी चीर आहे का? मग यालाच का?"

मी ठोकळा हातात घेऊन चिरेवरून अंगठा फिरवला.

"तुम्ही याला शेकताय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. हातात घेतला तर कोमट. लाकूड कोमट नसतं साहेब, कोणी केल्याशिवाय. पस्तीस वर्षं वजनात खोट पकडणारा माणूस माझ्यासाठी ठोकळा शेकतोय." एवढं म्हणून त्यांना हसू फुटलं, आणि ते आवरता आवरता डोळ्यांत पाणी आलं. "मला इतका आनंद झाला की मी घाबरले."

"घाबरलात कशाला?"

"सत्तावीस वर्षं मी एकटी राहते. सकाळी उठल्यावर तासभर मला कोणाशी बोलायचं नसतं. कपाटात माझा क्रम असतो. आणि तुम्ही..." त्यांनी भिंतीवरच्या पेन्सिलच्या आकड्याकडे बोट केलं. "तुम्ही पहिल्याच दिवशी माझी परत जायची वाट मोजलीत. दोन फूट सहा इंच. मी रोज इथे येते आणि तो आकडा वाचते. म्हटलं, या माणसाला मी आत येण्याआधीच बाहेर जाताना दिसतेय. मग एकदा रुमाल भिजवला. म्हटलं, एकच दिवस."

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. तो आकडा मी मोजला तो त्यांना अडकल्यासारखं वाटू नये म्हणून. पण हे मनात जितकं चांगलं वाटत होतं, तितकं तोंडातून आलं नाही. मी म्हणालो, "मला वाटलं, दार उघडं ठेवलं तर तुम्ही याल."

"दार उघडं असलं की वारा येतो," बाई म्हणाल्या.

याच वेळी बहीण तिसऱ्या फेरीला आली. ठोकळा, रुमाल, आमचे चेहरे, सगळं तिने एका दमात पाहिलं आणि तिला सांगायला काही उरलंच नाही. ती भिंतीला टेकून हसली, हसत खाली बसली, बसून आणखी हसली. "म्हणजे एकाने शेकायचं आणि एकीने भिजवायचं? अरे, त्या बिचाऱ्याला न्यूमोनिया झाला नाही हे नशीब."

"साक्षीदार फितूर झालाय," मी म्हणालो. "त्याचं आता काही खरं नाही."

बहिणीने डोळे पुसले. "ते राहू दे. पण फळ्यांना कोणी हात लावला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फळ्यांना कोणीच हात लावला नव्हता. आम्ही दोघं त्या एका वीतभर ठोकळ्याच्या मागे लागलो होतो, आणि एवढ्या वेळात बावीस फळ्या आपापल्या जागी पडून कोणाला न विचारता आपलं काम करत होत्या.

बाईंनी सगळ्यात लांब फळीच्या मधून नवा ठोकळा कापला. टोकांना मेण लावलं. वजन केलं, चारशे एकसष्ट. खोलीला कुलूप लावून किल्ली बहिणीकडे दिली. "रोज चारला तुम्ही वजन करायचं आणि दोघांना फोन करायचा," त्या म्हणाल्या. "मी सात दिवस येणार नाही. आकडा हलला नाही तर येईन."

ते सात दिवस मी कसे काढले, विचारू नका. पहिल्या दिवशी चारशे एकसष्ट. दुसऱ्या दिवशी चारशे एकसष्ट. तिसऱ्या दिवशी बहीण फोनवर गप्पच राहिली, आणि माझ्या तोंडचं पाणी पळाल्यावर म्हणाली, "अरे, पाणी पीत होते. चारशे एकसष्ट." मी रोज चारला दोन कप चहा करायचो आणि दोन्ही प्यायचो. सातव्या दिवसापर्यंत आकडा तसूभर हलला नाही. लाकूड वाळलं होतं. बहुधा आम्ही चोऱ्या करत होतो तेव्हाच वाळलं होतं.

आठव्या दिवशी चारला बाई दारात. खांद्याला हत्यारांची पिशवी, इतकी जड की त्या एका बाजूला कलल्या होत्या. मी पिशवी घ्यायला पुढे झालो, तर म्हणाल्या, "टेबल करायला आलेय. बाकीचं टेबल झाल्यावर."

आता सुतारकामाचं टेबल करायचं तर फळ्या रंधून सपाट कराव्या लागतात. फळ्या रंधायच्या तर सुतारकामाचं टेबल लागतं. हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही जेवणाच्या टेबलावर फळी आडवी टाकली. बाईंनी रंध्याचा एक हात मारला आणि फळी, टेबल, बाई असं सगळंच भिंतीपर्यंत चालत गेलं.

"वजन पाहिजे," बाई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी बहिणीकडे पाहिलं.

पुढचे पंधरा दिवस माझी बहीण फळीच्या एका टोकावर बसून असायची. बाईंचा रंधा तिच्याकडे सरसरत यायचा, अगदी जवळ आला की ती पाय वर घ्यायची, मग फळी उलटी फिरवायची आणि ती दुसऱ्या टोकाला बसायची. ती शेजारणींना सांगायची, "दादाच्या लग्नात मी शिकंजा आहे." मला बाईंनी आधी तीन दिवस नुसतं बघायला लावलं, मग रंधा हातात दिला. पहिल्या दिवशी रंधा अडकला, दुसऱ्या दिवशी उडाला, तिसऱ्या दिवशी अचानक सुर्रकन आवाज आला आणि रंध्याच्या तोंडातून हातभर लांब, कागदाहून पातळ ढलपी गोल गोल फिरत बाहेर आली. आतला रंग चॉकलेटी, वास कडवट गोड. मी ती ढलपी डोक्यावर ठेवली आणि तसाच दिवसभर घरात फिरलो. संध्याकाळी दूधवाल्याने विचारलं, साहेब, बरं आहे ना? मी म्हणालो, फार बरं आहे.

भुसा सगळीकडे गेला. साखरेत, चष्म्याच्या घरात, बहिणीच्या अंबाड्यात. बाई फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या उभ्या ठेवून, एक डोळा मिटून त्यांच्यावरून बघायच्या. पट्ट्या एका रेषेत दिसल्या की फळीला पीळ नाही. मीही बघायचो. मला पट्ट्यांच्या पलीकडे बसलेली बहीणच दिसायची, जीभ बाहेर काढून.

पायांच्या टोकांना खाचेत बसेल अशी जीभ ठेवली, वरच्या फळ्यांत खाचा कोरल्या. खाचा कोरताना बाई बोलत नसत, म्हणून मीही बोललो नाही. सकाळचा तासभर कसा असेल याची मला सवय करून घ्यायची होती. एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, "आज एवढे गप्प का?" मी घड्याळ दाखवलं. पंचावन्न मिनिटं झाली होती. त्या पटाशी खाली ठेवून बराच वेळ हसत राहिल्या.

शेवटी एका रविवारी पाय उभे राहिले, सरस लावला, जिभा खाचांत ठोकल्या, सांधे घट्ट होईपर्यंत बहिणीला वर बसवलं आणि उतरवलं. टेबल उभं राहिलं. मी सगळा जोर लावून ढकललं. जमीन हलली असती, पण टेबल नाही.

सवयीने मी टेप काढली. लांबी सहा फूट, ठरल्याप्रमाणे. उंची दोन फूट दहा. रुंदी मोजली आणि थांबलो. पुन्हा मोजली. मग दाराकडे गेलो आणि दार मोजलं. दार जिथल्या तिथे होतं, दोन फूट सहा.

"बाई," मी म्हणालो, "काहीतरी चुकलंय. टेबल दोन फूट आठ भरतंय."

"बरं मग?"

"हे दारातून बाहेर जाणार नाही."

"आडवं केलं तर?"

"आडवं केलं तर उंची आड येते. दोन फूट दहा. पाय तर आता निघणार नाहीत." मी खिडकी पाहिली. खिडकीला गज होते. "बाई, हे इथून कधीच बाहेर जाणार नाही."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. भिंतीपाशी गेल्या, पहिल्या दिवशी लिहिलेल्या आकड्यावर दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. "साहेब, ते दार मी चार वेळा मोजलं. एवढ्या दिवसांत तुम्ही एकदाही टेबल मोजलं नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटत होतं."

मी खरंच मोजलं नव्हतं. माझं लक्ष सगळा वेळ पेन्सिलवाल्या कानाकडे होतं.

बहीण दारात उभी होती, डोक्यात भुसा घेऊन. ती म्हणाली, "मग मी आता वहिनी म्हणू का, की अजून काही वाळायचं बाकी आहे?"

"म्हणा," बाई म्हणाल्या.

मी पेन्सिल घेऊन टेबलाखाली शिरलो, कारण रडताना बहिणीने पाहिलं असतं तर मरेपर्यंत ऐकवलं असतं. खाली अक्रोडाचा वास दाटला होता. पाठीवर झोपलो आणि वरच्या फळीच्या खालच्या बाजूला नीट अक्षरात लिहिलं, "तपासले. बरोबर आहे." खाली सही केली आणि तारीख घातली.

"अहो, तिथे काय करताय?" बाईंचा आवाज आला. साहेब नाही, अहो.

"शेवटची तपासणी," मी म्हणालो.

"करा सावकाश," त्या म्हणाल्या. "चहा आज मी ठेवते."